लस टोचल्यावर कुत्र्याच्या पिल्लाच्या अंगावर गाठ आली तर काय करायचं

लस देऊन आणल्यावर दोन-चार दिवसांत टोचलेल्या जागी कातडीखाली गाठ हाताला लागली की गावात जो तो इलाज सांगायला येते. कोणी म्हणते चुना-हळद लावा, कोणी बिब्बा लावा, कोणी गरम विटेनं शेका म्हणते. यातलं काहीच करू नका. बिब्ब्यानं कातडी भाजून फोड येतात आणि मग साध्या गाठीची जखम होऊन बसते.

रेबीजच्या लसीनंतर अशी गाठ जास्त दिसते, कारण त्या लसीत मेलेला विषाणू असतो आणि तिचा असर वाढावा म्हणून बहुतेक कंपन्या ॲल्युमिनियमचा क्षार टाकतात, त्यानं त्या जागी सूज धरते. बहुतेक गाठी काही आठवड्यांत आपोआप जिरतात.

लस टोचली त्या पहिल्या दिवशी फक्त पिल्लाकडे लक्ष ठेवा. थोडं सुस्त राहणं, एखाद वेळ न खाणं चालते. पण तोंड-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलट्या सुरू झाल्या किंवा पिल्लू कोसळलं तर गाठबीठ सोडा, तसंच उचला आणि दवाखान्यात न्या, यात मिनिटं मोजली जातात.

आता खरी कठीण गोष्ट, गाठ हातानं ओळखणं. पोट्टे दिवसभर दाबून दाबून पाहतात, ते आधी बंद करा. दिवसातून एकदाच, पिल्लू शांत पडलं असताना, केस बाजूला करून दोन बोटांनी हलकेच चाचपा. साधी गाठ कच्च्या बोरासारखी टणक लागते, कातडीखाली जराशी सरकते, आणि पिल्लू शेपूट हलवत राहते, त्याला दुखत नाही. पू झालेली गाठ वेगळी असते, तिथं हात लावला की पिल्लू चावायला येते नाहीतर कण्हते, कातडी लाल आणि बाजूच्या अंगापेक्षा गरम लागते, मधे मऊ पडते. अशी गाठ सुईनं किंवा ब्लेडनं फोडायची हिंमत घरी अजिबात करू नका, आपल्याकडे गोठ्यात माश्या किती असतात ते सांगायला नको, उघड्या जखमेत अळ्या पडायला वेळ लागत नाही. सरळ डॉक्टरकडे.

पोरांच्या कंपासपेटीतली पट्टी गाठीजवळ धरून माप घ्या आणि तारखेसकट लसीच्या कार्डावर, त्या बाटलीच्या स्टिकरच्या बाजूला लिहा. मी हे दर पिल्लाचं करतो, कारण "वाढली वाटते" यावर डॉक्टर काही ठरवू शकत नाही. 2 सेंटीमीटरपेक्षा मोठी झाली, महिना उलटल्यावरही वाढतच राहिली, किंवा 3 महिन्यांनंतरही गेली नाही तर दाखवायचीच.

शेकायचं असेल तर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं ठेवा, बस. घरातल्या माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकनं पिल्लाच्या पोटात रक्तस्राव होतो, किडन्या जातात.

आणि गाठ आली म्हणून पुढचा डोस चुकवू नका, हे मी हात जोडून सांगतो. रेबीजची लक्षणं दिसली की कुत्रंही वाचत नाही अन् माणूसही वाचत नाही. पुढच्या वेळी कार्ड दाखवा, मागच्या डोसला गाठ आली होती हे सुई भरायच्या आधीच डॉक्टरला सांगा, आणि या वेळी दुसऱ्या बाजूला टोचा म्हणा.