रानमोडी फुलायच्या आत उपटा, नुसती कापू नका

पाऊस सरला की कोकणात बाग बेणायची गडबड सुरू होते, ग्रास कटर आणायचा, सपासप मारायचा आणि मोकळं व्हायचं. गवताला ठीक आहे, पण रानमोडी या झुडपासारख्या वाढणाऱ्या तणाला हे चालत नाही हो. वरून कापली की बुंध्यातल्या गाठीतून एकाच्या जागी चार-पाच फुटवे येतात आणि पुढच्या पावसात झुडूप आधीपेक्षा दाट होतं.

ओळखायला सोपी आहे. पानं समोरासमोर, त्रिकोणी, त्यावर तीन ठळक शिरा, चुरगळलं की उग्र वास. घाणेरीला काटे असतात, हिला नाहीत. ही मूळची अमेरिका खंडातली, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून मोकाट वाढते.

ऑक्टोबरमध्ये जमीन ओली असतानाच काढा. मुळं फार खोल जात नाहीत, लहान रोप हातानं खेचलं तरी निघतं, जुन्या बुंध्याला पारई किंवा कुदळ लावा आणि गाठ पूर्ण बाहेर आली का ते बघा, अर्धी राहिली तर मेहनत फुकट. नोव्हेंबर-डिसेंबरात पांढरट-जांभळी फुलं लागतात, त्यानंतर बी वाऱ्यावर उडतं, कपड्यांना आणि गुरांच्या अंगालाही चिकटून जातं. म्हणून गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पलीकडची, रस्त्याकडेची पण काढा, शेजाऱ्याला सोबत घ्या, नाहीतर त्याच्याकडचं बी तुमच्याकडे येणारच.

फुलं नसलेला पाला वाया घालवू नका. खड्ड्यात शेणकाल्यासोबत कुजवा, चांगलं खत होतं. फुलं आलेली असतील तर शेंडे कापून पोत्यात भरा आणि मग बुंधा उपटा, ते शेंडे आळ्यात अजिबात टाकू नका.

काढलेले ढीग बागेत वाळत ठेवू नका ही कळकळीची विनंती. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा आला की वाळलेली रानमोडी भडाभडा पेटते आणि ऐन मोहोरातली काजू कलमं होरपळतात. जाळून ती संपतही नाही, बुंधे परत फुटतात आणि मोकळ्या जागेत बी आणखी जोरात रुजतं. बागेभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा साफ मोकळा पट्टा, मात्र वेळेत काढून ठेवा.

तणनाशक कोवळ्या कलमांजवळ नकोच, वाऱ्यानं तुषार पानांवर गेले तर कलमाचं नुकसान होतं. हिला ऊन लागतं, मोठ्या झाडांच्या दाट सावलीत ती जोर धरत नाही, त्यामुळे पहिली तीन-चार वर्षं नवीन लागवडीतच जास्त लक्ष द्या आणि जूनमध्ये परत एक फेरी मारून उगवलेली रोपं उपटून टाका.