अर्ध्या कपाटात मेकअप बसवताना

घरी ड्रेसिंग टेबल होतं, त्याला दोन खण होते आणि आरशाखाली एक फळी. आता पीजीमध्ये अर्धं कपाट मिळणार आहे, नाहीतर वन आरकेमध्ये ओट्याशेजारची एक फळी. वर्षानुवर्षं जमवलेल्या लिपस्टिक, पॅलेट, काजळं, लग्नातला मोठा मेकअप बॉक्स हे सगळं तिथे मावणार नाही. अशा वेळी बहुतेक जणी खण उघडतात, एकेक वस्तू हातात घेतात आणि 'ही ठेवू का?' असं स्वतःला विचारतात. आवडत्या वस्तूबाबत या प्रश्नाचं उत्तर कायम 'राहू दे' असंच येतं, त्यामुळे तासाभराने खण होता तसाच भरलेला असतो. म्हणून आधी डबा ठरवा. मेकअपला हात नंतर लावायचा.

नव्या खोलीतल्या फळीची लांबी, रुंदी आणि दोन फळ्यांमधली उंची टेपने मोजून घ्या. रोजच्या मेकअपसाठी 25 सेंटीमीटर लांब, 18 रुंद आणि आतून किमान 12 उंच असा घट्ट झाकणाचा डबा पुरतो. उंची महत्त्वाची, कारण 30 मिलिलिटर फाउंडेशनची पंपाची बाटली साधारण 11 सेंटीमीटर उंच असते आणि आडवी ठेवली तर झिरपते. लिपस्टिकच्या नळीला सुमारे 2 सेंटीमीटरची जागा लागते, म्हणजे उभ्या 12 लिपस्टिक 8 बाय 6 सेंटीमीटरमध्ये बसतात. सणासमारंभाच्या सामानासाठी वेगळी छोटी चेनची पिशवी घ्या. ब्रश बाहेर पेल्यात उभे राहतील. एवढीच जागा आहे असं धरून पुढे चला.

निघायला तीन आठवडे असतील तेव्हा टिकल्यांचं एक जुनं पाकीट काढा. जी वस्तू वापराल तिच्या तळाला एक टिकली चिकटवायची. दुसऱ्यांदा वापरली की दुसरी. आपण काय वापरतो याचा आपला अंदाज हमखास चुकतो. मनात बारा लिपस्टिक असतात, टिकल्या तिघींवर दिसतात. सणवाराच्या वस्तू या हिशेबातून वगळा, त्यांचा न्याय वेगळा.

तीन आठवडे झाले की दिवसाउजेडी जुनी चादर अंथरून सगळं एका जागी ओता. पर्समधलं, बाथरूममधलं, ऑफिसच्या ड्रॉवरमधलंसुद्धा.

पहिली चाळणी मुदतीची. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रसाधनांवर उत्पादनाची आणि मुदतीची तारीख छापलेली असते. ती न उघडलेल्या वस्तूची. उघडल्यानंतरचं आयुष्य अनेकदा उघड्या डबीच्या छोट्या चित्रात दिलेलं असतं: 6M म्हणजे सहा महिने, 12M म्हणजे बारा. कधी उघडली ते आठवत नसेल तर असं धरा: मस्कारा 3 महिने, लिक्विड आयलायनर 3 ते 6 महिने, लिक्विड फाउंडेशन आणि कन्सीलर साधारण वर्षभर, लिपस्टिक दीड-दोन वर्षं, कॉम्पॅक्ट, ब्लश आणि आयशॅडोच्या पावडरी दोन वर्षं किंवा थोडं जास्त. मस्काऱ्याची मुदत सगळ्यात कमी, कारण प्रत्येक वेळी कांडी पापण्यांना लागून पुन्हा ओल्या नळीत जाते. आत जंतू वाढायला याहून सोयीची जागा नाही. डोळ्यांच्या ओल्या वस्तूंबाबत माया करू नका. सनस्क्रीनची तारीख उलटली की संरक्षणाचा भरवसा उरत नाही, ते थेट बाजूला.

नाकावर आणि बोटांवर विश्वास ठेवा. लिपस्टिकला जुन्या तेलासारखा खवट वास आला, फाउंडेशनचं पाणी वेगळं झालं आणि हलवूनही मिसळेना, पावडरीवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर वस्तू गेली. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ही बुरशी हमखास धरते. पण दोन खुणा फसव्या असतात. लिपस्टिकवर आलेले तेलाचे बारीक थेंब उन्हाळ्यातल्या उष्णतेने येतात. वास ठीक असेल तर टिशूने टिपून घ्या. कॉम्पॅक्टवर चकचकीत कडक पापुद्रा आला आणि पफला पावडर लागेना, तर ते चेहऱ्याचं तेल असतं. चिकटपट्टी लावून उचलली की खालची पावडर चांगली निघते.

कुंकवाच्या करंड्याकडेही लक्ष द्या. सुटं, लेबल नसलेलं लाल सिंदूर कपाळाला लावू नका, काही सिंदुरांत शिसं आढळलेलं आहे. करंडा आजीचा असेल तर तो रिकामा करून, धुऊन ठेवा. टिकल्यांच्या जुन्या पाकिटांचा गोंद सुकलेला असतो, ती काढून टाका. टिकलीखाली खाज येत असेल किंवा पांढरा डाग दिसत असेल तर त्या टिकल्या लगेच बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. काही टिकल्यांच्या गोंदातल्या रसायनामुळे कातडीचा रंग जातो.

आता खरी अवघड चाळणी, सारख्या रंगांची. डब्यांवरच्या नावांनी फसू नका. पांढऱ्या जाड कागदावर प्रत्येक लिपस्टिकची एक रेघ ओढा, शेजारी नंबर लिहा, दहा मिनिटं सुकू द्या आणि खिडकीपाशी नेऊन बघा. मग रंगांना साडीच्या दुकानातली नावं द्या: विटकरी, डाळिंबी, राणी, अबोली, वांगी, तपकिरी. चार वेगळ्या कंपन्यांच्या चार लिपस्टिक एकाच विटकरीत येऊन बसतात, हे कागदाशिवाय कळत नाही. एका रंगात एक किंवा फार तर दोन ठेवा, आणि निवडताना किंमत न बघता टिकल्या मोजा. लिपस्टिक एका वेळी साधारण 10 मिलिग्रॅम लागते. म्हणजे 3.5 ग्रॅमची एक नळी 350 वेळा पुरते. अशा तीस असतील तर दिवसातून दोनदा लावूनही चौदा वर्षं जातील, आणि मुदत दोन वर्षांची. फाउंडेशन दोनच ठेवा, एक नेहमीचं आणि एक उन्हाने रापल्यावरचं.

तो रंगांचा कागद फेकू नका. बंद पडलेली आवडती शेड, पहिल्या पगाराची लिपस्टिक, लग्नातला डाळिंबी यांची रेघ, नाव आणि नंबर त्यावर राहतात. नळी खवट झाली तरी रंग हातात राहतो, आणि तोच रंग पुन्हा शोधायला दुकानात हा कागद उपयोगी पडतो.

निवडलेलंही मावत नसेल तर वस्तूंच्या आवरणात किती जागा जाते ते बघा. मोठ्या पॅलेटमध्ये निम्मी जागा आरसा आणि प्लॅस्टिक खातं. आयशॅडोच्या गोल पत्र्याच्या वाट्या बहुधा 26 मिलिमीटरच्या असतात. अशा पंधरा वाट्या 8 बाय 13 सेंटीमीटरच्या लोहचुंबकी पॅलेटमध्ये बसतात. प्लॅस्टिकचं पॅलेट असेल तर केस सरळ करायच्या मशीनवर बटर पेपर ठेवून त्यावर पॅलेटचा तळ मिनिटभर टेकवा. खिडकी उघडी हवी. प्लॅस्टिक मऊ झालं की खालून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने वाटी हळूच वर ढकला. पुठ्ठ्याचं पॅलेट तापवू नका. वरचा कागद कटरने सोडवा, वाटीच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे (लवकर उडून जाणारं, पेट घेणारं स्पिरिट) दोन-तीन थेंब सोडा, गोंद सैल झाला की पातळ सुरीने उचला. वाटी चुंबकाला धरत नसेल तर ती अॅल्युमिनियमची आहे, तिच्या मागे पातळ लोखंडी स्टिकर लावा. शेडचं नाव मागे लगेच लिहा, कारण सुट्या वाट्यांमधले तपकिरी रंग नंतर ओळखू येत नाहीत.

इथे घाई केली की वाटी वाकते आणि पावडर फुटते. फुटली तर अर्धवट जोडू नका. सगळी बारीक करा, 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबथेंब घालून श्रीखंडाइतकं घट्ट कालवा, वर सुती कापड ठेवून नाण्याने दाबा आणि 24 तास उघडं सुकवा. 70 टक्क्यांचं कालवायला वापरलं तर त्यातल्या पाण्याने पावडर कडक होऊ शकते. हे काम गॅसपासून लांब, आणि मशीन थंड झाल्यावरच.

लिपस्टिकसाठी आठवड्याच्या गोळ्यांची सात खणांची डबी घ्या. डबी स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. लिपस्टिकचा दांडा कापा, नळीच्या तळात रुतलेला भाग टूथपिकने काढा, तिथे बरंच निघतं. स्टीलच्या पळीत घालून मंद उकळत्या पाण्यावर वितळवा. पळी थेट गॅसवर धरली तर सुगंध जळतो आणि रंग काळवंडतो. पाण्याचा थेंब आत पडू देऊ नका, नाहीतर बुरशी धरेल. ओतून अर्धा तास थंड होऊ द्या आणि झाकणावर नावं लिहा. लावायला लिप ब्रश लागेल. लिक्विड मॅट लिपस्टिक मात्र कधीही तापवू नका. तिच्यात उडून जाणारे, पेट घेणारे द्रव असतात. फाउंडेशन आणि सनस्क्रीनही छोट्या बाटल्यांत ओतू नका. हवा लागते, हात लागतो आणि मुदतीचं लेबल मागे राहतं.

बाजूला काढलेल्यातलं सीलबंद आणि मुदतीतलं सामान निर्धास्त द्या. उघडलेल्या पावडरींवर 70 टक्क्यांचं अल्कोहोल वरवर हलकंच फवारून सुकवा, लाकडी पेन्सिली तासून नवं टोक काढा, मग त्या देता येतात. शाळेच्या गॅदरिंगला, कॉलेजच्या एकांकिकेच्या ग्रुपला भडक रंगांची पॅलेट हवीच असतात, पण देताना मुदत सांगा. मस्कारा, लिक्विड लायनर, लिप ग्लॉस आणि बोट बुडवायच्या क्रीमच्या डब्या उघडलेल्या असतील तर बहिणीलासुद्धा देऊ नका.

टाकायचं ते बेसिनमध्ये ओतू नका. द्रव वर्तमानपत्रावर किंवा जुन्या फडक्यावर काढा, काच पुसून वेगळी द्या. नेलपेंट आणि रिमूव्हर पेट घेतात, ते वेगळ्या पिशवीत घट्ट बंद करून, वर लिहून कचरा गाडीला द्या. स्प्रेचे डबे भोसकू नका. महागड्या ब्रँडच्या रिकाम्या डब्यांची लेबलं फाडून टाका, म्हणजे कुणी त्यांत दुसरंच काही भरून विकणार नाही.

सामान बांधताना मेकअपचा डबा टेम्पोत देऊ नका. उन्हात उभ्या टेम्पोत काजळ आणि लिपस्टिक वितळतात. कॉम्पॅक्टमध्ये पावडर आणि आरसा यांच्यामध्ये कापसाची चकती ठेवा. बाटलीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण लावा. नेलपेंट उभंच न्या.

नव्या जागेत डबा बाथरूममध्ये आणि खिडकीत नको. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. आठवड्यातून एकदा ब्रश धुवा आणि टोकं खाली येतील असे तिरपे, पंख्याखाली सुकवा. उभे सुकवले तर पाणी दांड्यात उतरतं आणि गोंद सुटतो.

बऱ्याच जणी उरलेलं आईकडे ठेवून येतात. तसं ठेवायचं असेल तर फक्त पावडरी आणि न उघडलेल्या वस्तू ठेवा, आणि माळ्यावर तर अजिबात नको, स्लॅबखालची गरमी मे महिन्यात सगळं खवट करते. खालच्या कपाटात, झाकणावर तारीख लिहून ठेवा. दिवाळीला घरी गेलात की उघडून वास घ्या.