जाम झालेला मेन कॉक सोडवायचाय? आधी पाईप सांभाळा

पाईप कुठेतरी गळायला लागला की आपण धावत मेन कॉककडे जातो आणि तिथे कळतं की तो कित्येक वर्षांत कोणी फिरवलेलाच नाहीये, दगडासारखा घट्ट बसलाय. अशा वेळी मोठा पाना लावून जोर करू नका. जुन्या जीआय पाईपला, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपला, जिथे आटे पाडलेले असतात तिथे पत्रा सगळ्यात पातळ असतो आणि गंजही बहुतेक वेळा तिथूनच खातो, त्यामुळे जोर लावता तुम्ही कॉकला आणि तुटतो पाईप, तोही कधीकधी भिंतीच्या आत.

म्हणून हात लावायच्या आधी एकच बघा, हा कॉक तुटलाच तर पाणी मागून कुठून बंद होणार? टाकीचा आउटलेट, मीटरजवळचा कॉक, काहीतरी हवंच. ते बंद करून खालचा नळ उघडा आणि लाईन रिकामी करा. मागे काहीच नसेल तर ज्यांच्याकडून पाणी येतं त्यांच्याकडून सप्लाय बंद करून घ्या, तोवर थांबा.

आता कॉक. गोल चाकाचा असेल तर तो बहुतेक गेट व्हॉल्व्ह, आत पितळेची पाचर वरखाली होते. क्षार तिच्या खाचेत बसतात, आणि वर स्पिंडलभोवतीचं (चाक ज्यावर बसतं त्या दांड्याभोवतीचं) पॅकिंग, म्हणजे पाणी अडवायचं भरण, सुकून स्पिंडलला धरून ठेवतं. स्पिंडल जिथून बाहेर येतो तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ करा आणि गंज सोडवायचा स्प्रे मारा, डब्ल्यूडी-४० चालेल. खायचं तेल नको, ते चिकट होऊन अजून धरतं. स्प्रे बाहेरूनच, आणि नंतर पुसून टाका कारण हे प्यायच्या पाण्याचं आहे. मग रात्रभर सोडा. लोक पाच मिनिटांत पाना हातात घेतात, तेलाला आत झिरपायला वेळच देत नाहीत.

सकाळी स्पिंडलभोवतीचा नट, म्हणजे ग्लँड नट, पाव फेरा उलटा सैल करा. पुष्कळदा कॉक एवढ्यानेच सुटतो. आणि हे करताना, चाक फिरवतानाही, दुसऱ्या पान्याने कॉकची बॉडी घट्ट धरून ठेवा म्हणजे पीळ पाईपवर जाणार नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

चाक हातानेच फिरवा. उघडा राहून जाम झालेला असेल तर आधी केसभर उघडायच्या बाजूला, मग बंदच्या बाजूला, परत उलट, असं हलवत राहा, थोडं जरी हललं तरी काम होतंय. अजिबात हलत नसेल तर बॉडीला गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा किंवा हेअर ड्रायर मारा, तो धरताना लाईन रिकामी आणि हात, फरशी कोरडी हवी. ब्लो टॉर्च नको, आतलं पॅकिंग जळतं आणि जवळ प्लास्टिक पाईप असेल तर तो मऊ पडतो.

सुटला की पूर्ण उघडझाप चार-पाच वेळा करा, मागचं पाणी हळू सोडा आणि ग्लँड नट ठिबकणं थांबेल इतकाच आवळा, जास्त आवळलात तर परत जाम. आतला गाळ सुटून पुढे येतो म्हणून नळांच्या जाळ्या काढून आणि फिल्टर बंद ठेवून पाणी थोडा वेळ वाहू द्या.

चाक फिरतंय पण पाणी थांबत नाही, तर आतली पाचर सुटलीये किंवा स्पिंडल तुटलाय, त्यावर मेहनत करू नका, पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या, तो पाव फेऱ्यात बंद होतो. पण शेजारचा पाईप गंजून पोपडे निघत असतील तर ते काम स्वतः करू नका, प्लंबरला बोलवा, कारण जुना कॉक खोलतानाच आटे निघून येतात.

आणि गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडून तसाच सोडू नका, पाव फेरा मागे घ्या, आणि दर ६ महिन्यांनी एकदा उघडझाप करत जा.