लेकराला हॉटेलात न्यायचंय? बिल आधी द्या

मागच्या महिन्यात जालना रोडवरच्या एका हॉटेलात आमची पार शोभा झाली, म्हणून लिहून ठेवतोय. पोरगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे, म्हणजे मेंदूची जडणघडणच जन्मापासून वेगळी, त्याला मोठा आवाज, गर्दी सहन होत नाही.

संध्याकाळी ७ लाच पोचा, साडेआठनंतर गर्दी मरणाची, रविवार तर नकोच. टेबल फोनवर सांगा, बाहेरच्या दाराजवळचं, किचनपासून आणि हात वाळवायच्या मशीनपासून लांब, ते मशीन घरघरलं की आमचं लेकरू थेट टेबलाखाली. कुणाचा बड्डे आहे का तेही विचारा, लाइट घालवून दणक्यात गाणं लावतात. व्हीलचेअर असेल तर "रॅम्प आहे का" असं विचारूच नका, हो म्हणतात आणि निघते स्कूटर चढवायची फळी. पायऱ्या किती ते विचारा. नियमानं १ फूट चढाला १२ फूट लांब उतार पाहिजे, मला तरी अजून कुठं दिसला नाही.

डबा, जादा कपडे, कानावरचे हेडफोन, हे काय सांगायचं.

आता बिल. ऑर्डर देतानाच पैसे देऊन टाका. वेटर म्हणतो "जेवा की निवांत, नंतर द्या", ऐकू नका. मी ऐकलं. शेजारच्या टेबलावर सिझलर आला चर्रर करत, पोरानं कान दाबले आणि जो ओरडायला लागला, मी त्याला उचलून दारात, तर काउंटरवरचा म्हणतो बिल राहिलं, आत रेंज नाही, मोबाइलवर गोल गोल फिरतंय नुसतं, खिशात रोख दीडशे. एक आजोबा हातातला घास तसाच धरून बसलेले. त्यांची काय चूक, त्यांनीबी पैसे मोजलेत की. मागून कुणीतरी म्हणलं, लाडावलंय. लाड नाही ओ. हट्ट असला तर मागितलं ते दिल्यावर थांबतो, हे ओरडणं पोराला आवाजातून बाहेर काढल्याशिवाय थांबत नाही, समजावायला गेलं की उलट वाढतं. म्हणून लगेच बाहेर, आणि लगेच बाहेर पडायचं तर बिल आधी. रोख ठेवा, हजारभर तरी.

पार्सलचे डबे आधीच मागून ठेवा. गाडी तोंड बाहेर करून लावा. सांडलेला भात उचला, टीप जरा बरी द्या. बाकी तुमचं तुम्ही बघा.

आणि बिल दिलंय ना? पावती वरच्या खिशात ठेवा, दारात परत विचारतात.