यूकेत क्रेडिट रेकॉर्डवरचं सीसीजे असं काढलं

मॉर्गेज नाकारलं तेव्हा कळलं की नावावर सीसीजे (काउंटी कोर्ट जजमेंट, म्हणजे थकलेल्या पैशांबद्दल कोर्टाने दिलेला निकाल) आहे, कोर्टाचे कागद जुन्या पत्त्यावर गेलेले. क्रेडिट एजन्सीकडे डिस्प्यूट टाकला, उपयोग शून्य, त्या फक्त अशा निकालांचं सरकारी रजिस्टर बघतात. निकालापासून महिना उलटल्यावर पैसे भरले तर नुसता 'सॅटिस्फाइड' (पैसे भरले) असा शेरा लागतो, नोंद ६ वर्षं राहतेच. डोकं फिरलं नुसतं.

चाललं ते असं: ट्रस्टऑनलाइनवरून (ते रजिस्टर शोधायची वेबसाइट) केस नंबर काढला, कोर्टाकडून क्लेमची (दाव्याची) कॉपी मागवली, मग एन२४४ फॉर्मवर 'सेट असाइड'चा (निकाल रद्द करण्याचा) अर्ज, सोबत विटनेस स्टेटमेंट (आपली लेखी साक्ष), ड्राफ्ट ऑर्डर (हव्या असलेल्या आदेशाचा मसुदा) आणि पत्ता बदलल्याचा पुरावा (काउन्सिल टॅक्सचं बिल चालतं). दाव्याला खरा बचाव काय तेही लिहा, आणि कळल्याबरोबर अर्ज करा, उशीर जजला खटकतो. उत्पन्न कमी असेल तर कोर्टाच्या फीमाफीला ईएक्स१६० फॉर्म. ऑर्डर निघाली की रजिस्टरवरून नोंद जाते, पण केस संपत नाही हां, डिफेन्स द्यावाच लागतो.