नलारबोर ओलांडायचंय? आधी कॅराव्हॅन काट्यावर घाला

ऑस्ट्रेलियात ॲडलेडहून पर्थकडे, नलारबोरच्या ओसाड मैदानातून, कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन निघतोय म्हटलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो: कुठला सोलर पॅनल, कुठला फ्रिज, कुठल्या खुर्च्या. वजनाबद्दल अवाक्षर नाही. मैदान ओलांडणाऱ्या सेडूना ते नॉर्समन या सुमारे १,२०० किलोमीटरच्या वाटेवर घात होतो तो मात्र वजनानेच.

रस्त्याचं नियोजन सोपं आहे. दोन रोडहाउसमध्ये (पंप असलेल्या थांब्यांमध्ये) कधी १९० किलोमीटरच्या आसपास अंतर असतं आणि कॅराव्हॅन ओढताना गाडी भरमसाट इंधन पिते, त्यामुळे दिसेल त्या पंपावर टाकी भरा. पाणी वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका, घरूनच भरून न्या.

आता वजन. कॅराव्हॅनच्या दाराजवळच्या किंवा ड्रॉबारवरच्या (गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावरच्या) पट्टीवर दोन आकडे असतात. टेअर म्हणजे रिकामी कॅराव्हॅन, एटीएम म्हणजे भरल्यावरची कमाल मर्यादा. समजा ते १,९०० आणि २,३०० किलो आहेत. म्हणजे हाताशी ४०० किलो. पाण्याच्या ८० लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १६० गेले, दोन सिलिंडरमधल्या गॅसचे १८ गेले. उरलेल्या २२२ मध्ये कपडे, अवजारं, मुलांच्या सायकली आणि आपल्या माणसांची ती दहा किलोची कणकेची पिशवी, कुकर, मिक्सर! अंदाज बांधत बसू नका, सार्वजनिक वजनकाट्यावर जा. आधी गाडीला जोडलेल्या अवस्थेत फक्त कॅराव्हॅनची चाकं काट्यावर घ्या. मग जॉकी व्हील (कॅराव्हॅनचं पुढचं छोटं आधाराचं चाक) टेकवून गाडी सोडवा आणि अख्खी कॅराव्हॅन तोला. दोन आकड्यांतला फरक म्हणजे टो बॉलवरचा, म्हणजे कॅराव्हॅन अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावरचा भार. तो भरलेल्या कॅराव्हॅनच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा, आणि तुमच्या गाडीला व तो गोळा बसवलेल्या टो बारला झेपणाराही हवा.

इथेच सगळ्यात वाईट सल्ला मिळतो: "पुढे जड झालंय? मग थोडं मागे टाका." अजिबात टाकू नका. मागच्या बंपरवर सायकली, स्टेपनी आणि जेरीकॅन लादले की काट्यावर हिशोब छान जुळतो, पण रस्त्यावर कॅराव्हॅन शेपटी हलवायला लागते. दोन्ही टोकांना भार ठेवून तोल साधणं हाही उपाय नव्हे. कावडीच्या टोकांना भरलेल्या घागरी असल्या की एकदा सुरू झालेला झोका लवकर थांबत नाही, तसंच हे. मला ही गोष्ट पटायला फार वेळ लागला. जड सामान खाली, ॲक्सलच्या आसपास. वरच्या कपाटात पापड आणि चिवडा. जागा उरत नसेल तर सामान घरी ठेवा.

तरीही झोका सुरू झालाच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक दाबू नका. चालकाजवळच्या ब्रेक कंट्रोलरचं (कॅराव्हॅनचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राचं) बटण दाबून फक्त कॅराव्हॅनचे ब्रेक लावा, म्हणजे ती मागून ओढली जाऊन सरळ होते. "वेग वाढवून बाहेर काढा" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ते बटण न बघता हाताला सापडतं का, हे निघण्याआधीच पाहून ठेवा.

रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेला ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असू शकते आणि शेजारून जाताना हवेने आधी ढकलते, मग ओढते. ट्रकचालक बोलतात तो यूएचएफ रेडिओचा चॅनल ४० लावून ठेवा. ती मागे असेल तर वेग कायम ठेवा, शेजारच्या लेनमध्ये आली की मगच पाय सैल सोडा. आधीच हळू झालात तर चालकाचा सगळा अंदाज चुकतो.

मुक्काम ऊन असतानाच गाठा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. वाटेतल्या युक्ला गावाच्या आसपास घड्याळ पाऊण तासाने वेगळं चालतं, म्हणून सूर्याकडे बघा.

पश्चिमेकडे जाताना राज्याच्या सीमेवरच्या बॉर्डर व्हिलेजला सामानाची तपासणी होते. ताजी फळं, भाज्या, मध, सगळं काढून घेतात. कढीपत्ता आणि मिरच्याही सुटत नाहीत, तेव्हा त्या आदल्या रात्रीच्या फोडणीत संपवा. परतीच्या वाटेवर हीच तपासणी सेडूनाला असते.