जुन्या लोकलचा पूल आठवणीतून कागदावर कसा उतरवावा

जुन्या उपनगरी गाडीतून पूल ओलांडल्याची आठवण बहुतेकांच्या मनात एका वाक्याएवढीच उरलेली असते: गाडी पुलावर आली की आवाज बदलायचा आणि खिडकीतून पाणी दिसायचे. त्या वाक्याच्या पलीकडे जाऊ लागलो की काही सापडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या कुणी काढलेल्या छायाचित्रातला पूल आपल्याच आठवणीत येऊन बसतो. ही आठवण नीट नोंदवून ठेवण्याची इच्छा असलेल्यांसाठी ही रीत सांगत आहे. तिला रेल्वेचे तांत्रिक शिक्षण लागत नाही. एक वही, थोडे गुणाकार-भागाकार आणि आपली आठवण चुकू शकते हे मान्य करण्याची तयारी एवढे पुरते.

पहिले काम व्याकरणाचे आहे. वर दिलेल्या वाक्यातील ‘बदलायचा’ आणि ‘दिसायचे’ ही रूपे पाहा. गेल्या दिवसांविषयी बोलताना आपण सहजपणे याच रूपांकडे वळतो, आणि शेकडो फेऱ्या एकमेकींत कालवून त्यांची एक गुळगुळीत, कधीच न घडलेली फेरी तयार करतो. म्हणून नोंदीच्या पहिल्या मसुद्यात रीतिभूतकाळ, म्हणजे नेहमी घडे असे सांगणारी ही ‘-यचा’ची रूपे, पूर्णपणे टाळावा. ‘मी दारात उभा राहायचो’ असे न लिहिता ‘मी दारात उभा राहिलो’ असे लिहावे. असे लिहिताच ‘कोणत्या दिवशी, कोणत्या दारात, सोबत कोण होते’ हे प्रश्न आपोआप उभे राहतात, आणि ज्या वाक्यांना त्यांची उत्तरे देता येत नाहीत ती वाक्ये गळून पडतात. गळू द्यावीत. परीक्षेचा दिवस, पहिल्या नोकरीचा दिवस, गाडी पुलावरच थांबून राहिली तो दिवस, अशी एखादी ठरावीक फेरी निवडली तर जास्त हाती लागते, कारण नेहमीच्या फेऱ्यांपेक्षा खंड पडलेल्या फेऱ्या अधिक टिकून राहतात.

दुसरी शिस्त अशी की पहिला मसुदा पूर्ण होईपर्यंत जुनी छायाचित्रे, चित्रफिती आणि नकाशे उघडू नयेत. छायाचित्र एकदा पाहिले की त्यातला रंग आणि त्यातला कोन आपल्या आठवणीची जागा घेतात, आणि पुढे दोन्ही वेगळे करता येत नाहीत. त्यातही डोळ्यांचा क्रम शेवटी ठेवावा. आधी कानाने काय ऐकले, मग हाताने आणि पाठीने काय जाणवले, मग वास, आणि सगळ्यात शेवटी काय दिसले, अशा क्रमाने लिहावे.

कानापासून सुरुवात

या विषयात सर्वांत समृद्ध खाण आवाजाची आहे आणि तिची कारणे समजून घेतली की आठवणीला नेमके प्रश्न विचारता येतात. साध्या मार्गावर रुळांखाली स्लीपर, म्हणजे आडवे ठोकळे, आणि स्लीपरांखाली खडी असते, आणि चाकांची थरथर बरीचशी त्या खडीत जिरते. जुन्या पोलादी पुलांवर बहुधा खडी नसे. स्लीपर थेट गर्डरवर, म्हणजे पुलाच्या पोलादी तुळयांवर, बसवलेले असत. त्यामुळे थरथर जिरायला जागाच उरत नसे, ती गर्डरच्या मोठमोठ्या पत्र्यांत शिरे आणि अख्खा पूल एखाद्या प्रचंड डब्यासारखा घुमू लागे. आपल्याला आठवणारा बदल ‘आवाज वाढला’ एवढाच होता, की आवाज खाली गेला, जाड झाला, पायांतून वर आला, हे आठवून पाहावे. पोलादी पुलावर दुसरे उत्तर येण्याची शक्यता अधिक असते. पूल दगडी किंवा काँक्रीटचा असेल आणि त्यावर खडी असेल, तर हा बदल फार सौम्य असतो. अशा पुलावर दणदणाट आठवत असेल तर तो दुसऱ्या एखाद्या पुलावरून इकडे आलेला असू शकतो.

यानंतर पुलाची जात ठरवावी. काही पुलांत रूळ गर्डरच्या माथ्यावर असतात. तिथे खिडकीबाहेर काहीच आडवे येत नाही, आवाज फक्त खालून येतो आणि आपण हवेत तरंगत असल्याचा भास होतो. काही पुलांत गाडी पोलादी सांगाड्याच्या मधून जाते. तिथे उभे आणि तिरपे खांब खिडकीजवळून सरकतात, प्रत्येक खांबाबरोबर हवेचा ‘हुप्प हुप्प’ असा आघात कानावर येतो, आणि ऊन असेल तर डब्यात सावल्यांचे पट्टे धावतात. हे पट्टे आठवतात का, ते मांडीवरच्या पुस्तकावरून धावले की समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून, एवढ्या एका प्रश्नावर पानभर मजकूर निघाल्याचे मी पाहिले आहे.

जुन्या गाड्या खरोखरच जास्त आवाज करत होत्या की आपण आता तसे म्हणतो, अशी शंका येणे योग्य आहे. त्या करत होत्या. बिडाचे ब्रेकठोकळे थेट चाकाच्या घेरावर दाबले जात, त्यामुळे तो घेर हळूहळू खरखरीत होई, आणि खरखरीत चाक रुळावर अधिक आवाज करते. डिस्कब्रेक असलेल्या नव्या गाड्यांत ब्रेक वेगळ्या चकतीवर दाबला जातो, म्हणून चाकाचा घेर तुलनेने गुळगुळीत राहतो, शिवाय बंद काचा आणि वातानुकूलन यांमुळे उरलेला आवाजही बाहेरच अडतो. जुन्या विद्युत गाडीत मोटारींच्या दंतचक्रांचा चढता सूर असे आणि वेग घेताना टप्प्याटप्प्याने हलके हिसके बसत, कारण रोधक, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणारे भाग, एकेक करून वगळत मोटारींचा प्रवाह वाढवण्याची ती रीत होती. मोटरमनने पुलाआधी वीज बंद केली असेल तर तो सूर खाली उतरतो आणि पुलावर फक्त रुळांचा घोष उरतो. आपल्या आठवणीत पुलावर मोटारीचा सूर आहे की नाही, हे लिहून ठेवावे. आसनाखाली मधूनच सुरू होणारा कॉम्प्रेसरचा धडधडाटही अनेकांना असा प्रश्न विचारल्यावरच आठवतो.

रुळांच्या सांध्यांच्या खटखटीचे तेवढे जपून लिहावे. पुलावर सांधे शक्य तितके कमी ठेवण्याचा प्रयत्न असतो, कारण प्रत्येक सांध्यावर चाक आपटते आणि तो आघात गर्डरला सोसावा लागतो. ‘पुलावर येताच खटखट थांबली आणि नुसता घोष उरला’ ही आठवण म्हणूनच अगदी विश्वासार्ह असू शकते, जरी ती ऐकणाऱ्याला उलटी वाटली तरी.

हात आणि नाक यांविषयी थोडक्यात सांगण्यासारखे आहे. दाराजवळच्या उभ्या दांड्याची थंडी, वरच्या कडीचा हेलकावा, खिडकीची झडप वर ठेवणारी खटकी, लाकडी बाकाची पट्टी की फाटलेले रेक्झिन, यांपैकी जे आठवेल तेच लिहावे. वासात ब्रेकच्या लोखंडी भुकटीचा वास आणि पुलाखालच्या पाण्याचा वास हे दोन वेगळे नोंदवावेत. पाण्याचा वास भरती-ओहोटीनुसार बदलतो, हा पुढे पडताळणीत उपयोगी पडणारा तपशील आहे.

गणिताने तपासणी

मसुदा पूर्ण झाल्यावर मगच नकाशा उघडावा. पहिला हिशेब वेळेचा. पुलाची लांबी मीटरमध्ये घ्यावी आणि तिला गाडीच्या सेकंदागणिक वेगाने भागावे. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, हे लक्षात ठेवले की पुरे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी हार्बर ब्रिजच्या मुख्य कमानीचा गाळा 503 मीटरचा आहे. या वेगाने तो सुमारे 50 सेकंदांत संपतो आणि ताशी 54 किलोमीटर वेगाने सुमारे 34 सेकंदांत. ज्यांना तो प्रवास चार-पाच मिनिटांचा वाटत आला आहे त्यांना हा आकडा खट्टू करतो. तरीही आठवणीतली चार मिनिटे खोडू नयेत. शेजारी हिशेबाचे 50 सेकंद लिहावेत आणि दोन्ही तसेच ठेवावेत. जुन्या पुलांवर अनेकदा वेगमर्यादा असे, तेव्हा प्रवास लांबल्याची भावना निव्वळ भावनाच होती असेही समजू नये.

प्रवासाची जुनी ध्वनिफीत हाती असेल तर वेगही काढता येतो. रूळ 13 मीटर लांबीचे असतील तर 47 सेकंदांत जितके सांधे ऐकू येतील तितका ताशी किलोमीटरमधला वेग असतो. 60 फुटी रुळांसाठी 66 सेकंद मोजावे. एका सांध्यावर आपल्या डब्याची आणि शेजारच्या डब्याची चाके पाठोपाठ वाजतात, म्हणून तो सगळा पुंजका एकच धरावा. पुलावर सांधे कमी असल्याने ही मोजणी पुलाआधीच्या सरळ मार्गावर करावी.

दुसरा हिशेब तारखांचा, आणि त्यासाठी सिडनीचेच उदाहरण चांगले आहे. तो पूल 19 मार्च 1932 रोजी खुला झाला तेव्हा त्याच्या पश्चिम बाजूला रेल्वेचे दोन मार्ग होते आणि पूर्व बाजूला ट्रामचे दोन. ट्राम 1958 साली बंद झाल्या आणि त्यांची जागा रस्त्याला दिली गेली. पुलाच्या पूर्वेला असलेल्या ऑपेरा हाउस या नाट्यगृहाचे बांधकाम 1959 साली सुरू झाले आणि ते 1973 साली खुले झाले. तेव्हा पुलावरच्या ट्राममधून ऑपेरा हाउसची शिंपल्यांसारखी छते पाहिल्याचे कुणी सांगितले, तर त्याने दोन वेगवेगळ्या वयांतल्या आठवणी एकत्र शिवल्या आहेत हे उघड होते. रेल्वेतून पाहिले असेल तर ते शक्य आहे, पण ते मधल्या रस्त्यापलीकडे आणि पोलादाच्या जाळीतून. तिथे ‘रेड रॅटलर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकमजली लाल गाड्या 1926 पासून धावल्या आणि 1992 साली सेवेतून गेल्या. आपल्या शहराच्या बाबतीतही पुलाचे वर्ष, गाडीच्या जातीची पहिली आणि शेवटची वर्षे, आणि खिडकीतून दिसणाऱ्या मोठ्या इमारतींची वर्षे, असा एक छोटा तक्ता करावा.

तिसरा हिशेब सूर्याचा, आणि तो मला स्वतःला महागात पडला. एका पुलावरच्या संध्याकाळविषयी मी बरीच वर्षे सांगत आलो होतो: परतीचा प्रवास, डावी खिडकी, पाण्यावर मावळतीचे ऊन. नकाशा पाहिला तेव्हा कळले की परतीच्या वेळी मार्ग दक्षिणेकडे जातो, म्हणजे डावा हात पूर्वेकडे येतो आणि मावळता सूर्य तिथे असणे शक्यच नाही. दोन दिवस मी नकाशाशीच भांडलो. शेवटी मान्य करावे लागले की ऊन सकाळचे होते, प्रवास रात्रपाळीनंतरच्या परतीचा होता, आणि ‘संध्याकाळ’ ही मी नंतर, बहुधा ती अधिक शोभते म्हणून, चिकटवली होती. खरी सकाळ हाती लागल्यावर तिच्यासोबत पेंगुळलेला सहकारी आणि गार पडलेली पत्र्याची झडप हेही परत आले.

उलट प्रकारही घडतो: खोटी वाटणारी आठवण खरी निघते. ‘गाडी आली की पूल एका बाजूला कलायचा’ असे सांगणाऱ्याला लोक हसतात. न्यूयॉर्कच्या 1909 साली खुल्या झालेल्या मॅनहॅटन ब्रिजवर गाड्यांचे मार्ग कडेला असल्याने जड गाडी येताच त्या बाजूचा भाग खरोखरच खाली जात असे, पूल पिळवटत असे, आणि त्याच्या दुरुस्तीवर पुढे दीर्घकाळ काम करावे लागले. तेव्हा विचित्र तपशील आधी तपासावा आणि मगच काढावा.

दुसऱ्यांना विचारताना

सहप्रवाशांना एकत्र बसवून विचारू नये. सगळे जमले की सर्वांत बोलक्या माणसाची आठवण सर्वांची होते. एकेकाला वेगळे भेटावे आणि उत्तर सुचवणारा प्रश्न टाळावा. ‘पुलावर वारा यायचा ना?’ याला सगळे हो म्हणतात. ‘पूल आला हे डोळे मिटून कसे कळले?’ याला प्रत्येकजण वेगळे उत्तर देतो, आणि आपल्याला तेच हवे असते. नेहमी उभ्याने जाणारा, नेहमी खिडकीशी बसणारा आणि गाडी चालवणारा किंवा रुळांची देखभाल करणारा, अशा तिघांना विचारता आले तर उत्तम. देखभाल करणाऱ्याला पूल खालून माहीत असतो, आणि प्रवाशाला कधीच न दिसलेली बाजू तिथेच मिळते.

गर्दी, घुसमट, पावसात आत येणारे पाणी, उघड्या दारातून पडलेली माणसे, हेही विचारावे आणि लिहावे. उघड्या दारातल्या वाऱ्याची गोडी सांगायची आणि त्याच दारातून गेलेल्या जिवांविषयी गप्प राहायचे, अशी नोंद मला अप्रामाणिक वाटते. त्याच कारणासाठी, जुना अनुभव पुन्हा घेण्याच्या हौसेपोटी चालत्या गाडीच्या दारात वाकणे किंवा आवाज ध्वनिमुद्रित करायला रुळांवर उतरणे हे कधीही करू नये. पुलाला लागून पादचारी मार्ग असेल तर तिथून, नाहीतर पुलाच्या टोकाजवळच्या सार्वजनिक रस्त्यावरून ध्वनिमुद्रण करावे. जपलेली जुनी गाडी रेल्वे संग्रहालयात असेल तर आत बसून डोळे मिटावेत, झडप एकदा वर-खाली करण्याची परवानगी मागावी आणि हाताला काय सांगते ते तिथल्या तिथे टिपावे.

वहीची रचना शेवटी सांगतो, कारण ती आधी सांगितली तर लोक वही सजवण्यातच रमतात. डाव्या पानावर आठवण आणि ती लिहिल्याची तारीख. उजवे पान कोरे. पडताळणीत जे सापडेल ते उजव्या पानावर, वेगळ्या शाईने, त्याच्याही तारखेसह. डाव्या पानावर नंतर खाडाखोड करू नये, चूक सिद्ध झाली तरी. माझ्या वहीत त्या खोट्या संध्याकाळचे डावे पान अजून तसेच आहे, आणि समोरच्या पानावर फक्त एवढे लिहिले आहे: मार्ग दक्षिणेकडे, ऊन पूर्वेचे, सकाळ.